बोल संपतो तिथून : माळवी माचच्या नाचाविषयी

माच पहिल्यांदाच बघणारा मराठी माणूस एका जागी हमखास गोंधळतो. राजा भरथरी राज्य सोडून जोगी झालेला असतो आणि स्वतःच्याच महालाच्या दारात उभा राहून राणी पिंगलेकडे भिक्षा मागत असतो. प्रसंग काळजाला हात घालणारा, आवाज टिपेला गेलेला. बोलाची शेवटची ओळ संपते न संपते तोच ढोलक उसळतं, बाजूचे टेकिये, म्हणजे साथीचे गाणारे, ओळ उचलतात आणि हा जोगी भगव्या कफनीसकट गिरक्या घेत नाचू लागतो. समोरच्या गर्दीत कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. चार-दोन आवर्तनं झाली की नाच थांबतो, भरथरी पुन्हा पिंगलेकडे वळतो आणि दुःख जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू होतं.

हा नाच या पुस्तकाचा विषय आहे. माचविषयी हिंदीत लिहिलं गेलेलं पुष्कळ आहे. श्याम परमार आणि शिवकुमार मधुर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचे गुरू, त्याची घराणी, खेळांच्या कथा आणि बोलांची भाषा यांवर मनापासून काम केलं. नाच मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या परिच्छेदात उरकलेला दिसतो: साधा आहे, शास्त्रीय नाही, गिरक्यांचा आहे, पुढं चला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. माचचा सगळा डोलारा या साध्या म्हटल्या जाणाऱ्या नाचावर उभा आहे. बोल छापून ठेवता येतात, चाली ध्वनिमुद्रित करता येतात. पाय टिपून ठेवले नाहीत तर माच संगीत नाटकाची एक गावठी आवृत्ती बनून राहील, आणि तो तसा कधीच नव्हता.

आधी ओळख. माच हे माळव्याचं लोकनाट्य आणि उज्जैन ही त्याची जन्मभूमी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत त्याला आजचं रूप येत गेलं. सुरुवातीचा मान गुरू गोपाळजींना देतात. पण माचला खरा आकार दिला तो जयसिंगपुऱ्याच्या गुरू बालमुकुंदांनी. त्यांच्या नावावरचे खेळ पुढच्या पिढ्यांनी पोथीसारखे जपले. दौलतगंजात कालूराम उस्तादांचं घराणं उभं राहिलं. दोन मोहल्ले, दोन आखाडे आणि त्यांची चढाओढ, यावर उज्जैनचा माच वाढला. विसाव्या शतकात सिद्धेश्वर सेन यांनी नवे खेळ लिहिले. कालूराम उस्तादांच्या घराण्यातले पंडित ओमप्रकाश शर्मा यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

माच या नावानं खेळही ओळखला जातो आणि ज्यावर तो होतो तो उंच मंचही. जुन्या काळी हा मंच माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका उंच बांधत. खेळाच्या काही दिवस आधी खांब रोवून त्याची पूजा होते. हंगाम होळीच्या आगेमागे. ढोलक आणि सारंगी ही मूळची वाद्यं, पुढं पेटी आली. परंपरेनं सगळ्या भूमिका पुरुषांच्या. राणी पिंगलाही घुंगट ओढलेला पुरुषच. खेळाला सुरुवात होते ती भिश्ती आणि फर्रासन यांच्यापासून. एक पाणी शिंपडतो, दुसरी जाजम अंथरते. दोघंही हे काम गात आणि नाचत करतात. मग गणपती, भेरू आणि गुरू यांची वंदना, आणि रात्रभर चालणारा खेळ.

हे वाचताना मराठी वाचकाला आपला तमाशा आठवल्यावाचून राहणार नाही. भिश्ती-फर्रासन जिथं येतात तिथं आपल्याकडे गण आणि गवळण येते. माचचे टेकिये म्हणजे आपले झीलकरी. विदूषकाचं काम करणारा शेरमारखाँ हा आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ. हे साम्य नुसतं योगायोगाचं नाही. कलगी-तुऱ्याची परंपरा राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्र अशी सलग पसरलेली होती. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्या सवाल-जवाबावर खूश होऊन एका राजानं पहिल्याला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, ही आख्यायिका या साऱ्या पट्ट्यात सांगतात. शिवाचा पक्ष तुऱ्याचा, शक्तीचा पक्ष कलगीचा. देशावर या परंपरेतून शाहिरांचे फड एकमेकांसमोर उभे राहिले, आणि माचच्या जडणघडणीतही अभ्यासक तुरा-कलगीचा वाटा मोठा मानतात. त्याच काळात उज्जैन शिंद्यांचं होतं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि दौलतरावांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरला तळ हलवेपर्यंत हे शहर त्यांची राजधानी होतं. शाहिरी आणि माच यांत कुणी कुणाकडून काय घेतलं हा वाद मला निष्फळ वाटतो. एकाच रस्त्यावरून फौजा, व्यापारी, गोसावी आणि गवई जात-येत असताना चाली कुणा एकाच्या मालकीच्या राहात नाहीत.

या नात्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी कडी मात्र कोकणात आहे. रत्नागिरीकडे कलगी-तुरा नाचला जातो. जाखडी, बाल्या नाच, शक्ती-तुरा या नावांनी तो ओळखला जातो. मधे गाणारा आणि ढोलकीवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात आणि सवाल जितका तिखट तितका पाय जोरात पडतो. देशावर ज्या परंपरेची लावणी आणि शाहिरी झाली, तिचाच कोकणात फेराचा नाच झाला आणि उज्जैनीत उंच मंचावरचं नाटक. तिन्ही ठिकाणी बोल संपल्यावरची जागा ढोलकीच्या हवाली केलेली आहे. लावणीतही चरण संपल्यावर ढोलकीचा तोड येतो आणि नाचणारी त्यावर पदन्यास करते. तो तोड पडला नाही तर फडात बसलेल्या माणसाला लावणी अर्धवट वाटते. फरक इतकाच की तमाशात कथेतला राजा सहसा नाचत नाही, नाचायला वेगळी कलावंतीण असते. माचमध्ये राजा स्वतः नाचतो. राणी, प्रधान, जोगी, चोपदार, जो गाईल त्याला नाचावंच लागतं.

का नाचावं लागतं, हे समजून घ्यायला मंचाकडे बघावं. हा मंच तिन्ही बाजूंनी उघडा आणि उंच. लोक समोर असतात, डाव्या-उजव्या हाताला असतात, घरांच्या सज्जांत आणि गच्च्यांवर असतात. गाताना नटाचं तोंड एकाच दिशेला राहतं. बोल संपल्यावर घेतलेल्या गिरकीत तो सगळ्यांना एकदा दिसतो, आणि ज्यांच्याकडे पाठ होती त्यांच्यापर्यंत त्याचा चेहरा पोचतो. दुसरी गोष्ट श्वासाची. ध्वनिक्षेपक नसताना उघड्यावर टिपेच्या सुरात रात्रभर गायचं म्हणजे छातीचा कस लागतो. टेकिये ओळ झेलतात तेवढा वेळ गळ्याला विसावा मिळतो, पुढचा बोल आठवायला सवड मिळते, आणि प्रेक्षकाची नजर मात्र नटावरून हलत नाही, कारण तो नाचत असतो. तिसरी गोष्ट खुद्द फळ्यांची. उंच बांधलेल्या मंचावर उंच उड्या मारणं धोक्याचं. म्हणून माचचा नाच वर जात नाही, जागच्या जागी फिरतो. टाच रोवायची, चवड्यावर वळायचं, हाताचा रुमाल किंवा पदर फिरत ठेवायचा आणि समेवर दोन्ही पाय एकदम टेकवायचे, की फळी वाजते. ही फळी ढोलकाइतकीच माचची आहे. सिमेंटच्या रंगमंचावर माच बघितला की काहीतरी उणं आहे असं वाटतं, ते बहुधा हेच असतं.

नाच जिथं नाचला जातो ती जागाच त्याला घडवते, हा विचार एक नजर दूरवर टाकली तर आणखी स्पष्ट होतो. आपल्याकडे 'रशियन नाच' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो उकिडवं बसून पाय पुढं फेकणारा, लाल विजारीचा गडी. सोव्हिएत नियतकालिकांतल्या रंगीत फोटोंनी आणि सांस्कृतिक पथकांनी ते चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनात पक्कं केलं. तो नाच मुळात युक्रेनच्या गवताळ मैदानांतल्या कोसॅकांचा. होपाक झापोरोझ्झ्याच्या लढवय्यांमधला पुरुषांचा नाच, आणि कझाचोक जोडीचा. कझाचोकमध्ये पुढाकार बाईचा असतो. ती जशी वळेल, थबकेल, टाच मारेल तसं पुरुषानं तिच्या मागोमाग करायचं आणि त्यात आपली भर घालायची. लय दोन मात्रांची. सुरुवात सावकाश, मग फिडल, त्सिम्बाली आणि बुबेन वाजवणारे वेग चढवत नेतात, आणि शेवटी कोण आधी थकतं याचीच शर्त लागते. अठराव्या शतकात रशियन सरदारांच्या वाड्यांत कोसॅकी पोशाख घातलेली चाकर पोरं असत; त्यांना कझाचोकच म्हणत. मग हा नाच दिवाणखान्यात आणि वाद्यवृंदात शिरला. दार्गोमिझ्स्कीनं १८६४ साली आपल्या रचनेला 'मालोरशियन (म्हणजे युक्रेनी) कझाचोक' असं नाव दिलं, म्हणजे मूळ गाव कुठलं ते रशियन संगीतकाराला पक्कं ठाऊक होतं. चायकॉव्स्कीच्या १८९२च्या 'नटक्रॅकर' बॅलेतला त्रेपाक जगभर वाजतो, तो याच कुळातला.

या नाचाचं एक जुनं घर नाटकात आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. युक्रेनमध्ये नाताळात वेर्तेप नावाचा बाहुल्यांचा खेळ गावोगाव होई. लाकडी पेटीचे दोन मजले असत. वरच्या मजल्यावर येशूजन्माची कथा, खालच्या मजल्यावर गावच्या माणसांचे प्रवेश. खालच्या मजल्याचा राजा म्हणजे झापोरोझ्झ्याचा कोसॅक, सगळ्यांत मोठी बाहुली. तो गातो, भांडतो, बढाया मारतो आणि नाचतो. म्हणजे तिथंही नाच हा कथेतल्या माणसाचा स्वभाव दाखवायचं साधन होता. भरथरी का नाचतो हा प्रश्न ज्याला पडतो त्यानं वेर्तेपमधल्या त्या कोसॅककडे बघावं. लोकनाट्यात पात्र बोलून ओळख देतं तितकीच ती पायांनी देतं. राजाची गिरकी आणि शेरमारखाँची गिरकी यांत जो फरक असतो त्यात निम्मी भूमिका आलेली असते.

पुढं युक्रेनमध्ये या नाचाचं काय घडलं ते आपल्या कामाचं आहे. १९१९ साली वासिल वेर्खोविनेत्स यांनी युक्रेनियन लोकनृत्याच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिलं. गावोगाव फिरून त्यांनी पावलं गोळा केली, त्यांना नावं दिली आणि ती कागदावर उतरवायची पद्धत बसवली. या माणसाला १९३८ साली स्टालिनच्या राजवटीनं गोळ्या घालून मारलं; त्याची पद्धत मात्र टिकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, मॉस्कोत इगोर मोइसेयेव यांचं आणि कीव्हमध्ये पाव्लो विर्स्की व मिकोला बोलोतोव यांचं नृत्यपथक उभं राहिलं. आज जगाला ठाऊक असलेला होपाक हा मुख्यतः या पथकांचा होपाक. पन्नास-साठ नर्तक एकाच मापात उडी घेतात, एकेक जण पुढं येऊन आपली करामत दाखवतो आणि पुन्हा ओळीत मिसळतो. मला तो आवडतो. त्या कलावंतांच्या मेहनतीविषयी मनात आदरच आहे. पण जत्रेतला होपाक गोलात नाचला जाई आणि कुणाची पाळी कधी येणार हे आधी ठरलेलं नसे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. नाच रंगमंचावर गेला की त्याचं तोंड एका दिशेला वळतं. पुढं तर नुसतं नाव उरतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम युरोपातल्या नाचघरांत 'कझाचोक' नावाचं गाणं गाजलं, त्याची चाल ब्लांतेर यांच्या १९३८च्या 'कात्यूशा' या गाण्याची होती.

माळव्यात अंगणातून रंगमंचाकडे जाणाऱ्या याच वाटेचा पहिला टप्पा बायकांच्या मटकी नाचानं पार केला आहे. लग्नाकार्यात, घरच्या अंगणात, ढोलाच्या मटकी नावाच्या ठेक्यावर एखादी बाई उठते. घुंगट पुढं ओढलेला, त्यामुळं चेहऱ्याला काम नाही. जे काही आहे ते मनगटात, कमरेत आणि पावलांत. मग एकेक करून बाकीच्या तिच्यात मिसळतात. आडा आणि खडा ही त्याचीच रूपं. घरच्या बायका घरच्या बायकांसाठी नाचतात. महोत्सवांच्या मंचावर आला तेव्हा या नाचाला डोक्यावर एकावर एक मडकी चढवावी लागली, कारण लांबून बघणाऱ्याला पावलातली नजाकत दिसत नाही, मडकी दिसतात. त्या मुलींचा तोल थक्क करणारा असतो, यात शंका नाही. पण अंगणातल्या मटकीत बाई मधेच थबकते, ढोलवाल्याकडे बघते आणि त्याला ठेका बदलायला लावते, ती जागा डोक्यावर पाच मडकी असताना उरत नाही. इथंही पुढाकार बाईचा आहे, कझाचोकसारखाच, आणि तो जपण्याजोगा आहे.

उज्जैनला पावलांकडे बघायची सवय जुनी आहे. कालिदासानं मेघदूतात मेघाला महाकालाच्या संध्याकाळच्या पूजेला थांबायला लावलं, तेव्हा तिथं नाचणाऱ्या स्त्रियांची त्यानं जी गोष्ट सर्वांत आधी टिपली ती पाऊल पडताच वाजणाऱ्या मेखलेची. चवऱ्या ढाळून थकलेले हात त्यानंतर येतात. त्या देवळातल्या नर्तकी आणि माचचे नट यांचा थेट संबंध मी जोडू पाहत नाही. पण ज्या शहराच्या सर्वांत मोठ्या कवीला पाऊल आणि नाद यांचं नातं इतकं नेमकं दिसलं, त्या शहराच्या स्वतःच्या नाट्यप्रकाराविषयी लिहिताना आपण नजर गळ्यावरच खिळवून ठेवावी, हे मला खटकतं.

चालींच्या बाबतीत माळवा भाग्यवान ठरला. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयानं आजारी होऊन देवासला आले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या खिडकीबाहेरून कानावर येणारी माळवी गाणी त्यांनी ऐकली. पुढं त्यांनी ती जमवली, स्वरलिपीत बांधली, त्यातून धुनउगम राग घडवले, आणि १९६५च्या 'अनूपरागविलास'मधून ते काम गायकांच्या हाती आलं. उज्जैनहून देवास म्हणजे तासाभराची वाट. गीतांच्या शब्दांसाठी चिंतामणी उपाध्यायांसारखे संशोधक मिळाले. इंदूरच्या आकाशवाणीनं १९५५पासून माळवी आवाज घरोघरी पोचवला. गळा आणि शब्द यांची अशी काळजी घेतली गेली, पायांना मात्र ना कुमार मिळाले ना वेर्खोविनेत्स. रेडिओवर माच ऐकणाऱ्याला बोल संपल्यावर ढोलकाची चार आवर्तनं ऐकू येतात. त्या चार आवर्तनांत नटानं काय केलं, ते ज्यानं पाहिलं त्याच्यापाशीच राहतं, आणि पाहिलेली माणसं आता वयानं थकली आहेत.

म्हणून या पुस्तकाचा भर कुठं आहे आणि ते कसं वाचावं, हे थोडक्यात सांगतो. यात माचच्या कथा जुजबी आहेत, कारण त्या इतरत्र सापडतील. पानं दिली आहेत ती रंगतीला. रंगत म्हणजे बोलाचा साचा, त्याची चाल आणि वजन. इकहरी रंगत असेल तर बोल लवकर पुरा होतो आणि नाचाची पाळी घाईनं येते. दोहरी असेल तर नट जास्त वेळ गातो आणि नाचही मोकळा मिळतो. म्हणजे पावलांचा हिशेब बोलातच लिहिलेला असतो. माचचे बोल वाचणाऱ्यानं ओळ संपते तिथं थांबून, तोंडानं कहरव्याचा ठेका धरून, दोन आवर्तनं जाऊ द्यावीत आणि मगच पुढची ओळ वाचावी. हे हास्यास्पद वाटलं तरी करून बघावं. भरथरी-पिंगलेचा प्रवेश असा वाचला की कळतं, ही मधली जागा दुःख हलकं करत नाही. ती ऐकणाऱ्याला ते गिळायला वेळ देते.

ज्यांच्या हाती कॅमेरा आहे त्यांना एक विनंती आहे. माचचं चित्रण सहसा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर रोखलेलं असतं, आणि नाच सुरू झाला की संपादक कात्री लावतो. तसं करू नये. एक कॅमेरा मंचाच्या फळीच्या उंचीवर, नुसता पायांवर ठेवावा, आणि दुसऱ्याच्या चौकटीत ढोलकवाल्याचे दोन्ही हात आणि नटाची पाठ एकत्र यावी. जयसिंगपुरा आणि दौलतगंज या दोन्ही परंपरांत शिकलेल्या ज्येष्ठांना एकच रंगत, एकाच लयीत, एकामागोमाग नाचायला सांगावं. त्यांच्या पोरांना आणि नातवंडांना तीच रंगत द्यावी. ढोलकवाला तोच ठेवावा. होळीचा हंगाम त्यासाठी योग्य, कारण तेव्हा खांब रोवलेला असतो आणि खऱ्या फळ्यांचा मंच मिळतो.